सत्काराच्या यादीत हरकत घेणाऱ्यांचीही नावं हवीत

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या वर्धापनदिनाला सत्कार कोणाचे करायचे, याची यादी चालू आहे. 'आपल्या ठाण्यासाठी काहीतरी करणारी माणसं सुचवा' असा मेसेज आला आणि तासाभरात भराभर नावं पडली. कुणी रक्तदान शिबिरं भरवतं, कुणी वृद्धाश्रमात जाऊन भजनं म्हणतं, कुणी पावसाळ्याआधी वह्या-दप्तरं वाटतं. सगळी भली माणसं. एकाही नावाला माझा विरोध नाही. पण यादी वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. ज्यांच्या कामाने कोणाचीच अडचण होत नाही, तेवढीच माणसं आपल्याला आठवली. शहरासाठी ज्यांनी चारचौघांचा वाईटपणा घेतला, त्यांच्यापैकी एकाचंही नाव कोणी लिहिलं नाही. हे मला पटत नाही. ग्रुपवर दोन ओळींत मावणारं नाही म्हणून इथे लिहितेय.

आधी सगळ्यांच्या आवडत्या कामाबद्दल बोलते, कारण तेही आपण अर्धंच बघतो.

तीन हात नाक्याचा सिग्नल ठाण्यात कोणाला माहीत नाही? गजरे, फुलं, खेळणी विकणारी पोरं तिथे वर्षानुवर्षं काचेवर टकटक करायची. आपण कधी दहा रुपये द्यायचो, कधी काच वर घ्यायचो, आणि 'शाळेत का नाही घालत यांचे आईबाप' असं म्हणून सिग्नल सुटला की निघून जायचो. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, वयाप्रमाणे वर्गात प्रवेश, मागे राहिलेल्यांसाठी खास शिकवणी, सगळं त्यात लिहिलेलं आहे. तरी पोरं सिग्नलवरच होती. कारण शाळेची वेळ तीच त्यांची कमाईची वेळ. घर म्हणजे पुलाखालची जागा, आंघोळीला पाणी नाही, कागदपत्रं नाहीत, आणि बारा वर्षांच्या मुलाला पहिलीच्या बाकावर बसायची लाज वाटते. यातली बरीच कुटुंबं मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेली, त्यांत पारधी समाजातली जास्त. शाळा गावभर होत्या, पण या पोरांना त्यांच्या दारापर्यंत पोचताच येत नव्हतं.

मग १५ जून २०१६ ला ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था यांनी त्याच पुलाखाली कंटेनरमध्ये सिग्नल शाळा सुरू केली. पोरं जिथे राहतात तिथेच. आधी आंघोळ, मग गणवेश, पोटात काहीतरी, आणि मग पाटी. डोक्यावर पूल, दोन्ही बाजूंनी हॉर्न, आणि मधे कंटेनरच्या भिंतीला चिकटवलेले बाराखडीचे तक्ते. तिथली एक चिमुरडी मी पाहिली आहे. तिला 'वीस'मधला दीर्घ ईकार कुठल्या बाजूला द्यायचा ते जमत नव्हतं, पण पन्नासच्या नोटेतून वीस-वीसचे दोन गजरे गेले तर परत किती द्यायचे, हे तिने माझं वाक्य संपायच्या आत सांगितलं. शाळा सुरू झाली आणि तीन वर्षांत, २०१९ मध्ये, तिथले दोन मुलगे दहावी पास झाले. भटू सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामाचे फोटो आपण सगळ्यांनी शेअर केलेत.

फोटोत न येणारा भाग असा की, पुलाखाली कंटेनर ठेवून महापालिकेची शाळा भरवायची, तर ती फाईल किती टेबलांवर फिरली असेल, याची कल्पना सरकारी कचेरीत एखादं काम घेऊन गेलेल्या कोणालाही येईल. हे व्हायला कोणाला तरी 'असं कसं चालेल?' असं म्हणावं लागतं, आणि 'नियमात बसत नाही' हे उत्तर ऐकूनही दुसऱ्या दिवशी परत जावं लागतं. मुलांना जवळ घेणारी माया दिसते. साहेबांच्या केबिनबाहेर बसून राहण्यातली चिकाटी दिसत नाही. माझ्या मते शाळा त्या चिकाटीवर उभी आहे.

तसंच मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आयपीएचचं, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या त्यांच्या संस्थेचं. २३ मार्च १९९० ला संस्था सुरू झाली, तेव्हा मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जाणं म्हणजे सोयरिकी मोडणं. आमच्या लहानपणी ठाणं म्हटलं की बाहेरगावचे नातेवाईक मेंटल हॉस्पिटलवरून चिडवायचे. त्याच ठाण्यात आज आजारी माणसांचे कुटुंबीय गटात बसून उघडपणे बोलतात, 'वेध' या संस्थेच्या तरुणांसाठीच्या परिषदेला पोरं हॉल भरून बसतात. एका शहराच्या घराघरांतली लपवाछपवी कमी करायला तीस-पस्तीस वर्षं लागली आणि ती लोकांच्या गैरसमजाशी रोज वाद घालूनच कमी झाली.

आता ज्यांचं नाव यादीत टाकलं की ग्रुपवर शांतता पसरेल, त्यांच्याबद्दल.

डॉ. महेश बेडेकर हे ठाण्यातले स्त्रीरोगतज्ज्ञ. रस्ते अडवणारे मंडप आणि कानठळ्या बसवणारे लाउडस्पीकर याविरुद्ध त्यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल लागला, न्या. अभय ओक आणि न्या. सय्यद यांच्या खंडपीठाचा. (ओक साहेबांनी वकिली सुरू केली ती ठाण्याच्याच जिल्हा न्यायालयात, हे आम्हा ठाणेकरांना सांगायला आवडतं.) नियम आधीपासून होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, दवाखाने, शाळा आणि कोर्टाभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. पाळत कोणी नव्हतं. या निकालाने सरकारला कामाला लावलं. लाउडस्पीकर लावणं हा धर्मस्वातंत्र्याचा भाग नाही, हे स्पष्ट झालं. पोलिसांकडे आवाज मोजायची यंत्रं हवीत, शहरांच्या आवाजाचं मोजमाप व्हायला हवं, तक्रार करणाऱ्याचं नाव उघड होता कामा नये, हे सगळं त्यातून आलं.

त्या शेवटच्या मुद्द्याची किंमत मला ठाऊक आहे. आमच्या सासूबाई हृदयाच्या पेशंट. एका वर्षी मिरवणुकीचा डीजे आमच्या खिडकीखाली थांबला, तेव्हा तावदानं थरथरत होती आणि त्या पलंगावर बसून उशी छातीशी धरून होत्या. मी फोन केला. अर्ध्या तासात कोणी तरी खाली मंडळात सांगितलंही होतं की तक्रार कुठल्या मजल्यावरून आली. पुढचे काही महिने जिन्यात भेटणारे चेहरे आमच्याकडे बघून हसले नाहीत.

आणि हे लिहिताना मला त्या मंडळातल्या पोरांवर अन्याय करायचा नाही. लिफ्ट बंद असताना याच सासूबाईंना खुर्चीत बसवून चार मजले खाली नेलं ते याच पोरांनी, रात्री दोन वाजता. पूर आला, रक्त लागलं, कोणाचं अचानक झालं, तर पहिली धावतात तीच. विसर्जनाला घाटावर निर्माल्य वेगळं करणारे हातही यांच्यातलेच असतात. थर्माकोल एका बाजूला, हारातली प्लास्टिकची मणिमाळ सोडवून दुसऱ्या बाजूला, फुलं-दूर्वा खताला. ओल्या, चिकट निर्माल्यातून तो बारीक दोरा उसवणं किती किचकट आहे, ते करून बघा. म्हणूनच मला वाटतं, आवाजाबद्दल बोलणारा त्यांचा शत्रू नाही. तोही त्याच गल्लीचा, आणि त्यालाही गल्लीचं बरंच व्हायला हवं आहे.

खाडीपलीकडे नवी मुंबईतही हेच घडलं. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. पण पक्ष्याला अभयारण्याची हद्द कळत नाही. ओहोटीला तो खाडीच्या चिखलात खातो आणि भरती आली की विसाव्याला नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ पाणथळींवर जातो. डीपीएस तलाव त्यातलाच. भरतीचं पाणी आत यायची वाट बंद झाली तसा तलाव सुकला. एप्रिल २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या. त्या काळात तिथले रहिवासी, मॉर्निंग वॉकवाले आजोबा, शाळकरी पोरं, कॅमेरेवाले पक्षीप्रेमी मानवी साखळी करून उभे राहिले, बी. एन. कुमार यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहिली. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. तोपर्यंत या लोकांनी 'विकासाच्या आड येणारे' हे शेलकं विशेषण किती वेळा ऐकलं असेल! पाणथळ बुजली तर भरतीचं आणि पावसाचं पाणी शेवटी कोणाच्या पार्किंगमध्ये शिरणार, हे २६ जुलै २००५ पाहिलेल्या माणसाला सांगावं लागू नये.

मला सगळ्यात जवळून माहीत असलेलं उदाहरण मात्र आमच्याच आळीतलं आहे. नाव सांगितलेलं त्यांना आवडणार नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक काका. रोज सकाळी पेपर आला की ते आधी मागच्या पानांवरच्या जाहीर नोटिसा वाचतात. झाड तोडायची नोटीस असली तर हरकतीला सात दिवस असतात, प्रारूप विकास आराखड्यासाठी तीस. काका त्या जागी जाऊन झाड बघून येतात. नोटिशीत तीन झाडं आणि जागेवर पाच असं त्यांना सापडलेलं आहे. मग एका पानाचं, स्वच्छ मराठीतलं पत्र. 'महोदय'ने सुरुवात, मुद्दे क्रमाने, खाली सही. दोन प्रती. एक देतात, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतात. खिडकीवरचा माणूस म्हणतो, 'ठेवून जा काका,' आणि काका म्हणतात, 'पोच द्या, मी थांबतो.' त्यांच्या घरी अशा पोचपावत्यांच्या जाडजूड फाईली आहेत. बऱ्याच हरकती फेटाळल्या जातात. काहींमुळे फांद्या छाटून भागतं आणि खोड वाचतं. आमच्या कोपऱ्यावरचा बहावा त्यातलाच एक.

काकांना आमच्या ग्रुपवर लोक 'अर्जवाले' म्हणतात. मला याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही.

ठाण्याला या कामाची सवय नवी नाही. १८९३ मध्ये वि. ल. भावे यांनी इथे मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, तेव्हाही शहरात त्याहून निकडीची शंभर कामं असणार. ते आजही उभं आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी पावत्या फाडत, वर्गण्या मागत, भांडत राहिलं.

म्हणून आमच्या समितीला माझी सूचना अशी आहे: सत्काराच्या यादीत निदान एक नाव हरकत घेणाऱ्याचं असू द्या. आणि शाल-श्रीफळापेक्षा त्यांना दोन हात मिळवून द्या. सिग्नलवरच्या मुलांना गणित शिकवायला आठवड्यातला एक ठरलेला वार देणारं माणूस हवं असतं, वाढदिवसाला केक घेऊन येणारं नाही. काकांना हवंय कोणीतरी, जे त्यांच्याबरोबर सुनावणीला जाऊन बसेल. ते बहात्तर वर्षांचे आहेत आणि सुनावण्या नेहमी भर दुपारी असतात.

आपल्या भागात झाडावर नोटीस चिकटलेली दिसली तर तारखेसकट फोटो काढून मला पाठवा. हरकत कशी लिहायची ते माहीत नसेल तर मी मसुदा करून देईन. सही मात्र तुमची लागेल, आणि पोच घ्यायला विसरू नका.