‘विकले गेलात’ या शब्दाबद्दल

तुमची प्रतिक्रिया काल रात्री तीनदा वाचली. कराडच्या आमच्या उन्हाळी क्रिकेट शिबिराला एका पान मसाला कंपनीने मॅट आणि मुलांना आपल्या वेलचीचं नाव छापलेले टी-शर्ट दिले, ते मी का घेतले हे मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता, ‘विकले गेलात. वेलचीच्या आडून गुटख्याचीच जाहिरात करताय. सचिनने १९९६ च्या विश्वचषकात बॅटवर तंबाखूचं स्टिकर नाकारलं, तुम्हाला जमलं नाही.’

मतभेद असू शकतात. पण ज्याला कधी भेटला नाहीत त्याला थेट ‘विकले गेलात’? माझे थोरले काका जिभेच्या कॅन्सरने गेले. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर मी ११ रात्री काढल्यात. तंबाखू काय करते ते मला सांगू नका.

आता सचिन. त्या विश्वचषकात त्याची बॅट कोरी होती, याचा मलाही अभिमान आहे. पण स्पर्धेचं नावच विल्स सिगारेटवरून विल्स विश्वचषक होतं! त्याच्या ५२३ धावा त्याच स्पर्धेतल्या. आपण सगळ्यांनी त्या टीव्हीसमोरून न हलता पाहिल्या, तुम्हीही पाहिल्या असतील. ती सिगारेट कंपनी भारतीय क्रिकेटमधून बाहेर पडली २००१ मध्ये, आणि तंबाखूच्या प्रायोजकत्वावर बंदी आणणारा कायदा २००३ चा. तोवर क्रिकेट मंडळ पैसे घेतच होतं. तेव्हा हा शब्द कोणासाठी वापरलात? शिवाय सचिनच्या कोऱ्या बॅटवर पुढे टायर कंपनीचं नाव आलंच. नकार देऊनही त्याचा खेळ थांबणार नव्हता. आम्ही १७ ठिकाणी पत्रं दिली, एका पतसंस्थेने पाण्याच्या दोन डझन बाटल्या पाठवल्या. बाकी कोणी उत्तरसुद्धा दिलं नाही.

एक मान्य करतो. नाव मुलांच्या छातीवर इतकं मोठं नको होतं, बाहीवर चाललं असतं. पुढच्या वेळी तसंच सांगेन.

वेलचीचं म्हणाल, तर महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि शर्टावर गुटख्याचं नाव नव्हतं. त्यावर अधिक बोलत नाही.

गेल्या वर्षी एक मुलगा पहिल्या दिवशी वडिलांचा ढगळ शर्ट कोपरापर्यंत दुमडून आला होता. बॉलिंग टाकताना बाही सुटायची आणि तो ओशाळून बाजूला व्हायचा. या वर्षी नव्या मॅटवर तो रोज सकाळी ऑफस्पिन टाकत होता. आपल्या घरात बसून, नावही न लिहिता, मला विकलेला ठरवणं फार सोपं आहे हो. पुढचं शिबिर १ मे ला सुरू होतंय. सकाळी सहाला नेटवर या, आणि तो शब्द माझ्या तोंडावर म्हणा.