कळलावी उपटायला धावण्याआधी

गणपती जवळ आले की व्हॉट्सॲपवर तो मेसेज फिरायला लागतो: 'कळलावी महाविषारी, दिसेल तिथे उपटून टाका.' विषारी ती आहेच, वादच नाही. पण उपटायचा सल्ला ज्याने दिला त्याने कळलावी कधी खणून पाहिलेली नसावी.

विष पानाफुलांत सगळीकडे असतं, पण कंदात आणि बियांत फार. श्रावणात गडग्यावर (दगडी कुंपणावर) चढलेली वेल, पानाच्या शेंड्याचा ताणा शेजारच्या काटकीला घट्ट गुंडाळलेला, पिवळ्या-लाल पाकळ्या मागे वळलेल्या. ही कोणाला ओळखू येत नाही? पावसाळा सरला की वेल वाळून जाते आणि मातीत उरतो तो बोटाएवढा जाड, नांगरासारखा वाकडा कंद. कणगी-करांदे हे खायचे कंद खणायचे दिवसही त्याच सुमाराचे, म्हणजे गफलत व्हायची भीती. उपटून गोठ्यामागे भिरकावलात, तर पोरांच्या हाताला नि गुरांच्या तोंडाला आयताच.

त्यातलं कोल्चिसिन हे विष गाऊटवर (सांधे सुजून दुखण्याच्या आजारावर) औषध म्हणून देतात, तेही अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीने, मोजून. कंद पोटात गेला तर काही तास माणूस ठणठणीत दिसतो. मग उलट्या-जुलाब, आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंड, यकृत, रक्तपेशी सगळंच ढासळू लागतं. त्यामुळे 'आता बरा आहे, सकाळी बघू' चालत नाही. ताक, मिठाचं पाणी पाजत बसू नका. वेलीचा तुकडा पिशवीत घाला आणि गाडी काढा.

आमच्याकडे हीच फुलं गौरीचे हात म्हणून लागतात. खुशाल लावा, नंतर हात धुवा, रांगतं पोर असेल तर उंचावर ठेवा.

मांजरवाल्यांनी मात्र आणखी एका फुलाला भ्यावं. चाकरमानी मुंबईहून गुच्छात आणतात ती मोठी, घमघमणारी लिली. कळलावी तिच्या कुळातली नाही. त्या लिलीचा अंगावर सांडलेला पराग चाटला, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, एवढ्यानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्र्यांचं बहुधा पोट बिघडण्यावर निभावतं. (कळलावीचा कंद मात्र दोघांनाही सोडत नाही.)

माझा खरा राग नर्सरीवाल्यांवर. आपल्या गडग्यावरची वेल 'ग्लोरिओसा लिली' म्हणून कुंडीत घालून विकतात. एकाला विचारलं, "दादा, कंद विषारी असतो हे गिऱ्हाइकाला सांगता का?"

"सांगितलं तर घेणार कोण, वहिनी?"

हे तामिळनाडूचं राज्यफूल आहे, एवढं मात्र त्याने न विचारता सांगितलं.