‘बाहेर सगळे चालते’ असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या गटांमध्ये एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: गुजरातेत ग्लास हातात धरला तरी गुन्हा, पण विमान सुटले की आपण मोकळे, थायलंड आणि ॲमस्टरडॅममध्ये गांजा कायदेशीर आहे, बालीत कोणी विचारत नाही, तिकडच्या दारूत भेसळ नसते, काही झालेच तर दूतावास सोडवतो, आणि येताना दोन लिटर आणण्याची मुभा आहेच. प्रवासात कोणी पेलाभर वाइन घेतली तर माझी काहीच हरकत नाही. हरकत या माहितीला आहे, कारण तिच्या भरवशावर लोक तिकिटे काढतात.

विमान सुटल्यावर मागे राहतो तो फक्त गुजरातचा दारूबंदी कायदा. अमली पदार्थांविषयीचा १९८५चा केंद्रीय कायदा भारतीय नागरिकाला भारताबाहेरही लागू आहे, आणि हे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेले आहे. परदेशात घडलेल्या गुन्ह्याचा खटला येथे चालवायचा तर केंद्र सरकारची मंजुरी लागते, त्यामुळे परतल्या दिवशी बडोद्यातल्या रावपुऱ्यात पोलीस दारात उभे राहतील असे नव्हे. पण त्या कायद्यातून आपली सुटका होत नाही, हे खरे.

थायलंडने जून २०२२मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, ही बातमी आपल्याकडे पोहोचली आणि तिथेच थांबली. जून २०२५पासून तेथे गांजाच्या फुलांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि मधल्या मोकळ्या काळातही सार्वजनिक ठिकाणी धूर काढणाऱ्याला २५,००० बाहतपर्यंत दंड होऊ शकत असे. नेदरलँड्समध्ये गांजा आजही कायद्याने निषिद्धच आहे. ठरावीक कॉफी शॉपमध्ये पाच ग्रॅमपर्यंतच्या विक्रीकडे सरकार ठरवून काणाडोळा करते, इतकेच. बालीविषयी फार लिहायला नको. इंडोनेशियाने एप्रिल २०१५मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी एकाच रात्री आठ जणांना गोळ्या घातल्या, आणि त्यांतले सात परदेशी होते.

‘आम्ही यातले काहीच घेत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी, आणि संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यास बंदी आहे. दुबईच्या मुलाकडे निघालेल्या आईच्या डब्यात एका बाजूला खसखस लावलेले अनारसे असले, तर विमानतळावर जाब द्यावा लागू शकतो. कोडीन हे अफूच्या जातीचे द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधालाही तेथे आधी परवानगी घ्यावी लागते.

भेसळीबद्दलचे विधान मला सर्वांत घातक वाटते, आणि ते गुजरातच्या माणसाने पुढे पाठवावे याचे नवल वाटते. २०२२च्या जुलैत गुजरातेतल्या बोटादकडे झालेल्या लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूच्या दुर्घटनेत, चाळीसहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलमुळे. नोव्हेंबर २०२४मध्ये लाओसच्या वांग व्हिएंग या पर्यटकांच्या गावात सहा परदेशी प्रवासी दगावले, तेही मिथेनॉलमुळेच. दारूत मिसळलेले मिथेनॉल चवीवरून वा वासावरून ओळखता येत नाही. यकृतात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते आणि ते दृष्टीची नस जाळते. पण हे व्हायला बारा-चोवीस तास जातात, म्हणून रात्री ठणठणीत असलेला माणूस दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी आणि उलट्या यांना ‘उतरत नाही’ असे म्हणून झोपून राहतो. डोळ्यांपुढे धुके आले तर वेळ न दवडता डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय गाठावे. धोका सीलबंद बिअरमध्ये कमी, फुकट वाटल्या जाणाऱ्या शॉटमध्ये आणि मोठ्या भांड्यात मिसळून आणलेल्या स्वस्त कॉकटेलमध्ये जास्त. बहुतेक प्रवासविमा नशेत झालेल्या अपघाताचा खर्च देत नाही, तेव्हा पॉलिसीतले बारीक अक्षर निघण्यापूर्वीच वाचलेले बरे.

दूतावासाबद्दल थोडक्यात. १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार वकिलातीचा अधिकारी अटकेतल्या नागरिकाला भेटू शकतो, त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करू शकतो. त्या देशाच्या न्यायालयातून नागरिकाला सोडवून आणण्याचा अधिकार या अधिकाऱ्याला नाही.

राहिले दोन लिटर. ती सवलत सीमाशुल्काची आहे, म्हणजे तेवढ्यावर विमानतळावर कर लागत नाही. बाटली अहमदाबादला उतरली किंवा मुंबईहून गाडीने गुजरातच्या सीमेवरचा भिलाडचा नाका ओलांडून आली, की राज्याचा कायदा सुरू होतो, आणि ड्युटी-फ्री दुकानाची पावती म्हणजे दारूबंदी खात्याचा परवाना नव्हे. पाहुण्यांना मिळणारा तात्पुरता परवाना राज्याबाहेरच्या रहिवाशांसाठी आहे. बडोद्याच्या पत्त्यावर मिळतो तो आरोग्य परवाना, आणि त्यासाठी वैद्यकीय कारण दाखवावे लागते. डिसेंबर २०२३मध्ये दारूबंदीतून दिलेली सूट गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय वसाहतीपुरती आहे आणि तिच्या आधारे बाटली दांडिया बाजारातल्या घरी आणता येत नाही.