मुरूम, बटन टायर आणि काठीचे टोपण

वेगात पडलो असतो तर सांगताना थोडा तरी रुबाब करता आला असता. गेल्या रविवारी पुण्यातली वेताळ टेकडी उतरताना एका वळणावर माझ्या सायकलचे पुढचे चाक बाजूला सरकले, आणि भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाणारा मी डाव्या कुशीवर आडवा झालो. त्या वळणावर खाली कातळ आणि वर सुटा मुरूम आहे. उन्हाळ्यात तो रस्ता म्हणजे शहाबादी फरशीवर सांडलेली ज्वारी.

मान वर केली तेव्हा समोर पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यावर खाकी अर्धी चड्डी, हातात काठी आणि चेहऱ्यावर पंचनामा करायला आलेल्या माणसाची शांतता दिसली.

"हळूच तर येत होतात," काका म्हणाले, "मग पडलात कसे?"

उठण्यासाठी आधार मिळेल म्हणून मी हात पुढे केला. काकांनी तो आपुलकीने हलवला आणि सोडून दिला. मग सायकलची किंमत विचारली. घरी सांगितलेलीच किंमत मी त्यांनाही सांगितली, तरी त्यांनी डोळे विस्फारले. त्यानंतर ते माझ्या नव्हे, पुढच्या चाकाच्या शेजारी उकिडवे बसले आणि अंगठ्याने टायर दाबून पाहू लागले.

"दगड आहे हा. किती पाउंड मारलीत?"

"साठ. दुकानातच भरून दिली."

टायरच्या कडेला 'कमाल ६५' असे छापलेले होते, आणि कमाल आकडा हा आपल्याकडे उत्पादकाचा आग्रह समजून वाचला जातो. वास्तविक इतकी हवा भरलेला टायर खडीवर दबत नाही, जमिनीला धरत नाही, टणाटण उडत राहतो. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही आळसाने मी ती कमी केली नव्हती, आणि हे मी काकांना सांगणार नव्हतो.

काकांनी काठी उलटी केली आणि तिच्या टोकाचे रबरी टोपण माझ्या नाकासमोर धरले. माझ्या कोपरातून रक्त येत होते. त्याकडे त्यांनी एकदा पाहिले आणि ते विषयाला धरून नाही असे ठरवले असावे.

"दर पावसाळ्याच्या आधी बदलतो हे. मध्यभाग बघा, शाबूत. कड बघा, झिजलेली. का? उतारावर काठी कोणी सरळ टेकवत नाही, तिरकी टेकवतो. तिरकी टेकवली की सगळा भार कडेवर. तुमच्या टायरची कड कुठाय?"

मी बोट फिरवले. मधली बटणे, म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे, ठणठणीत होती आणि कडेची बटणे मुगाच्या डाळीएवढी उरली होती.

"आणि तुम्ही धड वाकलाही नव्हतात, धड सरळही नव्हतात. धरा ही काठी. तिरकी करा. अजून. अहो, अजून!"

अशा रीतीने रविवारी सकाळी, फिरायला आलेल्या चार-पाच कुटुंबांच्या देखत, मी रक्ताळलेल्या हाताने एका अनोळखी माणसाची काठी तिरकी करत उभा होतो. संताप याचा की त्यांचे शब्दन् शब्द खरे होते. तीन आठवडे रात्री जागून मी हेच वाचले होते: बटन टायरमध्ये मधल्या आणि कडेच्या बटणांच्या दरम्यान बहुधा एक मोकळी पट्टी असते, सायकल पुरेशी कलली तर कडेची बटणे जमिनीत रुततात, पण भीतीने अर्धीच कलवली तर आपण नेमके त्या पट्टीवर येतो, जिथे पकडायला फारसे काहीच नसते. बेदरकार माणूस सुटतो आणि माझ्यासारखा जपून जाणारा आडवा होतो, हा अन्याय रबरातच कोरलेला आहे.

सोमवारी दुकान गाठले. पुढे २.४ इंची, मऊ रबराचा, उंच कडांचा टायर आणि मागे कमी नक्षीचा, जरा कडक, झिजायला चिवट, असे मी ठरवून गेलो होतो. कारण वळणावर मागचे चाक घसरले तर सावरायला वेळ मिळतो, पुढचे घसरले तर काका भेटतात. दुकानातल्या मुलाला हे पटेना. "जोडीच घ्या ना सर, वेगळे बरे दिसत नाहीत," तो म्हणाला, जणू मी मुंजीसाठी कानातले डूल घ्यायला आलो होतो. शिवाय २९ इंची टायर आणि रस्त्यावरच्या सायकलींचा ७००सी टायर यांच्या रिमचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर, हे मी त्याला टायरवरचा आकडा दाखवून सांगितले, तेव्हा त्याने माझ्याकडे तसे पाहिले जसे मी रविवारी काकांकडे पाहिले असणार. नावांचे तर विचारूच नका. एका जर्मन कंपनीने स्वतःच्या टायरना 'मॅजिक मेरी' आणि 'नॉबी निक' अशी नावे ठेवली आहेत. पाच हजारांच्या घरातली वस्तू 'जरा ती मेरी दाखवा' असे म्हणून मागताना चाळिशीच्या माणसाला कसे वाटते ते दुकानदाराला कळत नाही.

अखेर पुढचा टायर बसवून घेतला. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे की नाही हे मी दोनदा तपासले, आणि निघताना बजावले, की पुढे २६ पाउंडच हवा हवी. मुलाने मान डोलावली.

घरी येऊन मोजली तर ५५.

फोन केला. "थोडी जास्तच टाकलीय सर," तो प्रेमाने म्हणाला, "कमी नको पडायला."

जिन्याखाली उभा राहून मी निम्म्याहून अधिक हवा सोडली. फुस्स आवाज ऐकून तळमजल्यावरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या.

"नवीनच ना हो टायर?" त्या म्हणाल्या. "लगेच पंक्चर?"