कप भरला म्हणजे टाकी स्वच्छ? स्किमरवरच्या एका मेसेजचा प्रतिवाद

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. एक घोडबंदर रोडवरचा, दोघं ऐरोलीचे आणि चौथा माझा मामेभाऊ. त्याच्या कळव्याच्या घरात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी अजून यायची आहे, पण सल्ला आधीच पोहोचलाय. मेसेज प्रोटीन स्किमरबद्दल, म्हणजे फेस करून टाकीतली घाण काढणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात असा (संप म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेली, यंत्रांसाठीची छोटी टाकी):

"प्रोटीन स्किमर लावायची सोपी पद्धत. टाकीच्या दुप्पट मापाचा घ्या. संपमध्ये जितका खोल बुडवाल तितकं चांगलं. पहिल्याच दिवशी हवा पूर्ण उघडा आणि पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण आवळा. कप रोज भरला पाहिजे, नाही भरला तर मशीन खराब. स्किमर असेल तर पाणी बदलू नका, मीठही विकत आणू नका, खाडीचं पाणी चालतं, स्किमर सगळी घाण काढतो. चोवीस तास चालू ठेवा, कधीही बंद करू नका."

लिहिणारा अगदीच अडाणी नाही. दोन गोष्टी त्याने अर्ध्या बरोबर सांगितल्या आहेत, आणि म्हणूनच बाकीच्याही लोकांना पटतात.

आधी हे यंत्र करतं काय ते पाहू. तुरीची डाळ शिजताना वर फेस येतो आणि आपण तो पळीने काढून टाकतो. स्किमर तेच करतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, अंगावरचा बुळबुळीतपणा यांतून पाण्यात जे सेंद्रिय रेणू मिसळतात, त्यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू हवेच्या बुडबुड्याला चिकटतात. बुडबुडे जितके बारीक, तितका चिकटायला पृष्ठभाग जास्त. ते वर चढतात, स्किमरच्या वरच्या अरुंद भागात, म्हणजे गळ्यात, फेस दाटतो आणि त्यावरच्या कपात सांडतो. खाऱ्या पाण्यात क्षारांमुळे बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात. गोड्या पाण्यात ते लगेच जुळून मोठे होतात. त्यामुळे नवा स्किमर नळाच्या पाण्याच्या बादलीत चालवून "फेसच येत नाही हो" म्हणणाऱ्याने एवढंच सिद्ध केलेलं असतं की पंप फिरतोय.

आता "जितका खोल तितकं चांगलं". सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं.

संपमध्ये ठेवायच्या प्रत्येक स्किमरची पाण्याची ठरलेली उंची असते. बऱ्याच मॉडेलांत ती १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान असते आणि खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेली असते. बाहेरची पातळी वाढली की स्किमरच्या आतली पातळीही तेवढीच वर सरकते, आणि फेसाऐवजी नुसतं पाणी कपात चढतं. शिवाय हवा पंपाच्या ओढीने आत येते. पाणी जितकं खोल, तितक्या जास्त दाबाविरुद्ध ती ओढावी लागते आणि तितकी ती कमी येते. म्हणजे खोल ठेवलेल्या स्किमरला हवा कमी आणि पाणी जास्त मिळतं. संप खोल असेल तर स्किमरखाली ॲक्रिलिकचा स्टँड किंवा पीव्हीसीच्या तुकड्यांचं टेबल करून तो उचलून घ्यायचा. दीडदोनशे रुपयांचं काम आहे.

उंचीइतकंच ती स्थिर असणंही महत्त्वाचं. संपचे साधारण तीन कप्पे असतात: टाकीतून पाणी उतरतं तो, स्किमरचा, आणि पाणी परत वर टाकीत चढवणाऱ्या रिटर्न पंपाचा. मधल्या कप्प्याची पातळी आडव्या काचेमुळे कायम राहते. बाष्पीभवनाने पाणी घटतं ते रिटर्नच्या कप्प्यातून. माझा रिटर्नचा कप्पा ३० बाय ३० सेंटिमीटरचा आहे आणि मे महिन्यात पंखा लावून दिवसाला दोन लिटर पाणी उडतं. गणित सोपं आहे: पातळी रोज दोन सेंटिमीटरहून जास्त उतरते. जागा मोकळी दिसते म्हणून कोणी याच कप्प्यात स्किमर ठेवला, तर सकाळी नीट चालणारा स्किमर संध्याकाळी कोरडा पडतो. मग तो माणूस व्हॉल्व्ह पिळतो, रात्री गोडं पाणी भरतो आणि सकाळी फरशी पुसतो. स्किमर मधल्या कप्प्यात, आणि रिटर्नला ऑटो टॉप ऑफ, म्हणजे उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र.

फरशी पुसण्याचा अनुभव माझा स्वतःचा आहे. कोपरखैरण्याच्या घरात माझी तीन फुटी टाकी, ९० बाय ४५. लाइट गेली की ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतचं पाणी खाली संपमध्ये उतरतं. दोन सेंटिमीटर उतरलं तरी आठ लिटर होतात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली आणि आली. स्किमर सुरू झाला, पण रिटर्न पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चाक) क्षार बसून अडकला होता, तो सुरू झालाच नाही. संपची पातळी वरच राहिली आणि स्किमर रात्रभर कपाच्या नळीतून पाणी फेकत राहिला. नळी मी हौसेने बाहेरच्या एका बाटलीत सोडली होती. बाटली दोन लिटरची. सकाळी समोरच्या काकूंनी बेल वाजवली. "अहो, तुमच्या दाराखालून पाणी येतंय. आणि हा वास कसला?" त्या वासाचं वर्णन इथे करत नाही, ज्यांनी कप धुतलाय त्यांना माहीत आहे.

खरा घोळ पुढे झाला. पंप साफ करून सुरू केला, संपमध्ये जवळपास आठ लिटर पाणी कमी, ऑटो टॉप ऑफने इमानदारीत गोडं पाणी भरलं. खारटपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ वरून १.०२४ वर. मासे तगले, माझं नशीब. तेव्हापासून स्किमरच्या प्लगला फ्लोट स्विच आहे. संपची पातळी ठरलेल्या खुणेच्या वर असेल तोवर स्किमर सुरूच होत नाही. आणि रिटर्न पंप दर तीन महिन्यांनी व्हिनेगरच्या पाण्यात.

"हवा पूर्ण उघडा" हे बरोबर आहे. आजकालच्या बहुतेक स्किमरांत हवा उघडीच ठेवायची असते. "पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण आवळा" हे मात्र पार उलटं. बाहेर जाणारं पाणी अडवलं की आतली पातळी चढते. सुरुवात व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून, म्हणजे आतली पातळी सगळ्यात खाली ठेवून करायची. मग दिवसाला थोडं थोडं आवळत यायचं आणि प्रत्येक बदलानंतर निदान काही तास हात मागे ठेवायचे. नव्या स्किमरच्या प्लॅस्टिकवर कारखान्यातले तेलकट अंश असतात. ते जाईपर्यंत तो कधी वेड्यासारखा उसळतो, कधी ढिम्म बसतो. काही दिवस ते दोन आठवडे द्यावे लागतात. आधी काही तास व्हिनेगरच्या पाण्यात चालवून धुतला तर हा काळ कमी होतो.

इथे घरोघरीची एक गोष्ट. चांगला चाललेला फेस अचानक बसला तर हात आठवा. डोक्याला खोबरेल चोळून तोच हात संपमध्ये घातलात का? तेल फेस मोडतं. तेलकट खाणं घातल्यावरही काही तास असंच होतं आणि आपोआप सुधारतं. उलट क्लोरीन घालवायची काही औषधं, किंवा दगड चिकटवायची इपॉक्सी पुट्टी वापरली की स्किमर उसळतो. दोन्ही वेळी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

"कप रोज भरला पाहिजे". कप भरायचाच असेल तर व्हॉल्व्ह आवळा, तासाभरात भरेल. त्यात बिनदुधाच्या फिक्या चहासारखं पाणी असेल, म्हणजे बहुतांश तुमचंच महागडं खारं पाणी. फेस थोडा कोरडा ठेवला तर त्याच कपात चार दिवसांनी दोन बोटं काळा, काढ्यासारखा दाट द्रव साचतो. किती साचलं यापेक्षा काय साचलं ते बघायचं. दोन क्लाउनफिश आणि एक डॅमसेल असलेल्या टाकीत तेवढंही साचलं नाही तरी मशीन खराब ठरत नाही. गळ्यात चिकट थर जमला की फेस वर चढत नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा गळा पुसा. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ धरतं, ते कोमट पाण्याने सोडवा. "माझा स्किमर मेला" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं काम एवढ्याने होतं.

दुप्पट मापाबद्दल फार लिहीत नाही. रुंद गळ्यात फेसाचा खांब उभा राहायला पाण्यात तेवढा माल हवा. थोड्या माशांच्या टाकीत मोठा स्किमर फेस धरूच शकत नाही, तो उगाच फिरत राहतो आणि वीज खातो. किती लिटरची टाकी यापेक्षा किती मासे आणि किती खाणं, यावर माप ठरवा.

आता पाणी न बदलण्याचं आणि खाडीचं.

स्किमर सगळी घाण काढत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले, तेव्हा पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच त्यांच्या हाती लागतो असं दिसलं. बाकीचा बुडबुड्याला चिकटतच नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट हेही चिकटत नाहीत. अमोनिया होण्याआधी काही माल बाहेर काढणं हीच स्किमरची मदत. एकदा नायट्रेट झालं की ते त्याच्या कक्षेबाहेर. आणि पाणी बदलण्याचा प्रभावही किती बेताचा ते बघा: नायट्रेट ४० असताना २० टक्के पाणी बदललं तर ते ३२ वर येतं, बस. तो बेताचा प्रभावही सोडून द्या, असं हा मेसेज सांगतो.

खाडीच्या पाण्याचं वाक्य वाचून मी फोन ठेवून दिला होता. ऐरोलीच्या पुलावरून भरतीच्या वेळी ठाण्याची खाडी समुद्रासारखी दिसते, हे खरं. पण तिच्या दोन्ही काठांवर शहरं आहेत, आणि त्यांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं तिच्यात उतरलंय. या सुपीक पाण्यातलं शेवाळ फ्लेमिंगोंना मानवतं. म्हणून २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही नाव गेलं. क्लाउनफिश फ्लेमिंगो नाही. पावसाळ्यात खाडीत एवढं गोडं पाणी येतं की खारटपणा खाली कोसळतो. पाण्यात विरघळलेले जड धातू फेसात फारसे येत नाहीत, ते बहुतांश टाकीतच राहतात. आणि अभयारण्यातून कॅन भरून आणणं शोभतं का, हा प्रश्न वेगळाच. आरओचं पाणी आणि पाकिटातलं मीठ महाग पडतं, मान्य. मग टाकी लहान घ्या.

राहिलं "कधीही बंद करू नका". हेही अर्धं बरोबर. स्किमर पाण्यात हवा घुसळतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, पीएच सावरतो. पूर्ण खारं पाणी २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन धरतं, ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. म्हणजे ठाण्याच्या मे महिन्यात स्किमरची गरज वाढते, आणि रात्री तर जास्तच. एसीसाठी खिडक्या बंद ठेवणाऱ्या घरात माणसांच्या श्वासानेच खोलीतला कार्बन डायऑक्साइड चढतो. अशा घरात हवेची नळी खिडकीबाहेर काढली की पीएच वर येतो. मी तेच केलंय, टोकाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून.

पण सोसायटीत डासांसाठी धूर मारणारी गाडी आली की ती नळी आधी आत घ्यायची आणि स्किमर बंद करायचा. त्या धुरात बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. माणसाला ते फारसं बाधत नाही, पण मासे आणि कोळंबी-खेकड्यांच्या जातीला अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतं. बाहेरची हवा बारीक बुडबुडे करून पाण्यात मिसळणं हेच स्किमरचं काम, त्यामुळे धूर तो फार मन लावून विरघळवतो. दिवाळीआधी घरात रंग किंवा पॉलिश चालू असेल तेव्हाही तसंच: स्किमर बंद, रिटर्न पंप चालू. आमच्याकडे गाडी संध्याकाळी सात-साडेसातला येते. वॉचमनकाका आधी इंटरकॉमवर सांगतात, "साहेब, नळी."