वर झालेले हात

आज उपासनेनंतर सुवार्तासभांचा, म्हणजे येशूचा संदेश सांगण्यासाठी भरवलेल्या सभांचा, अहवाल वाचून दाखवण्यात आला. किती लोक आले, किती पत्रिका वाटल्या, ख्रिस्ताला स्वीकारल्याची खूण म्हणून किती जणांनी हात वर केले, आणि प्रत्येक आकड्यानंतर टाळ्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि का वाजवल्या नाहीत हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काही वर्षांपूर्वी हा अहवाल मीच लिहीत असे. वहीत ‘नवे आत्मे’ असा एक रकाना होता. आमच्या मंडळीतल्या एक मावशी अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंकडे रोज संध्याकाळी जात, त्यांचे केस विंचरत, आणि मग मोठ्या अक्षरांच्या पवित्र शास्त्रातील ओळींवरून बोट फिरवत एखादे स्तोत्र वाचून दाखवत. त्या बाईंनी ख्रिस्ताला स्वीकारल्याचे कधी सांगितले नाही. वर्षअखेरीस मी मावशींच्या नावापुढे शून्य लिहिले.

त्या शून्याची मला आजही लाज वाटते.

प्रभूने शिष्य करायला सांगितले, आणि त्याने आज्ञापिलेले सर्व पाळायला शिकवा असेही सांगितले. हात क्षणात वर होतो; शिकवण्यात वर्षे जातात. मग ज्यांनी हात वर केले त्यांच्या घरी पुढच्या आठवड्यात कोण गेले, हे अहवालात का नसते? येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचे बीच लगेच उगवते आणि मूळ नसल्यामुळे ऊन चढताच करपून जाते. आपण मात्र उगवल्या दिवशीच मोजणी करून मोकळे होतो! मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये भारतात आले आणि त्यांच्या कामाचे पहिले फळ असलेल्या कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात. मिशनरी ॲडोनिराम जडसन यांना ब्रह्मदेशात पहिला विश्वासी मिळायला १८१३ पासून १८१९ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा वही माझ्या हाती असती, तर मी त्यांच्याही नावापुढे वर्षानुवर्षे शून्यच लिहिले असते.

पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी सुमारे तीन हजारांची भर पडल्याची नोंद बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांतच आहे, हे मान्य. पण पुढचेच वचन सांगते की ते लोक शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले. ते वचन आपण टाळ्यांच्या आवाजात का बुडवतो?

अहवाल वाचणाऱ्या तरुणावर माझा राग नाही. त्यानेही सभांसाठी रात्री जागवल्या आहेत, आणि रकाने त्याला आमच्याच पिढीने आखून दिले आहेत. शास्त्र म्हणते, प्रेषित पौलाने लावले, उपदेशक अपुल्लोसाने पाणी घातले, वाढ देवाने दिली. मग देवाचे काम आपल्या नावापुढे मांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपल्याकडून हिशेब मागितला जाईल तो सुवार्ता खरेपणाने सांगितली का आणि ऐकणाऱ्याने होकार दिला नाही तरी त्याच्यावर प्रेम करत राहिलो का, एवढ्याचाच.

उपासना सुटल्यावर मी मावशींजवळ गेलो आणि त्या शून्याबद्दल प्रथमच त्यांची क्षमा मागितली. त्यांना ते आठवतही नव्हते. बाईंना हल्ली कमी ऐकू येते, म्हणून जवळ बसून मोठ्याने वाचावे लागते, असे म्हणत त्या घाईने निघाल्या.