गाडी दोन फूट चुकली

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून तिसऱ्यांदा आला. म्हणणं असं: चूक कबूल न करणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर अहंकारी, शिकलेल्याला पुरावा दाखवला की तो तिथल्या तिथं मान्य करतो, म्हणून असल्यांशी वाद घालू नये. पाठवणारा माझ्या चुलत्यांचा, अण्णांचा थोरला, पुण्यात इंजिनिअर. रोख कुणावर आहे ते सगळ्यांना कळलं. अण्णांनाही. त्यांनी खाली नुसता अंगठा टाकला.

आता एकेक घेऊ.

'अडाणी असतो.' येल विद्यापीठातल्या डॅन कहान यांच्या गटानं अमेरिकेत हजारावर लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. हे काम 2013 मध्ये पुढं आलं. काहींना सांगितलं, हे त्वचेच्या मलमाचे आकडे. पुरळ घटलं की वाढलं? बाकीच्यांना तसेच आकडे बंदूकबंदीचे म्हणून दिले. गुन्हे घटले की वाढले? मलमाच्या बाबतीत गणित पक्कं असलेल्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. बंदुकीच्या बाबतीत त्यांचं गणित आपल्या पक्षाच्या सोयीनं चाललं, आणि दोन बाजूंमधली दरी या पक्क्या गणितवाल्यांतच जास्त रुंद निघाली.

कशाला अमेरिका? परवा लातुरात चहाच्या टपरीवर 17 सप्टेंबरचा विषय निघाला. मी ठोकून दिलं, 1948 ला निजामाच्या तावडीतून सुटलो खरं, पण 1960 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. शेजारी एक रिटायर कंडक्टर बसलेले. म्हणाले, "सर, 1956. नोव्हेंबरात आपण मुंबई राज्यात गेलो. 60 ला महाराष्ट्र झाला." बरोबर होतं त्यांचं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मी महाराष्ट्राबद्दलच म्हणत होतो." इतिहासात एम.ए. आहे मी. त्यांनी वाद वाढवला नाही, माझ्या चहाचे पैसे दिले. ते जास्त लागलं.

'अहंकारी असतो.' अशी माणसं नसतात असं नाही. पण अण्णांचं ऐका.

औशाकडच्या शेतात त्यांनी तीन बोअर घेतले, तिन्ही पाणाड्यानं दाखवलेल्या जागी. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून चालतो. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणे. तिसऱ्या वेळी मी हजर होतो. रात्री साडेनऊला गाडी लागली. दोनशे फुटांवर फुफाटा, साडेतीनशेवर फुफाटा, पाचशेवरही तेच. आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते बहुतेक वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत. खाली बराचसा सलग कातळ, खोल गेलं म्हणून लागेलच असं नाही. गाडीवाल्याला काय, तो फुटावर पैसे घेतो. अण्णा मधूनमधून उकिडवे बसून भुकटी बोटांत चोळायचे, ओल लागते का बघायचे. पहाटे गाडी निघाली तेव्हा म्हणाले, "नारळ तर ताठ उभा ऱ्हायला हुता. गाडीच दोन फूट अलीकडं लागली."

पहिल्या बोअरला काकूंच्या पाटल्या गेल्या होत्या, दुसऱ्याला सोसायटीचं कर्ज. नारळ खोटा म्हणायचं, तर काकूंसमोर त्या पाटल्या फुकट गेल्या असं म्हणायचं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलं होतं, की मनात दोन न जुळणाऱ्या गोष्टी आल्या की माणूस बेचैन होतो, आणि वाकवायला जी सोपी तिला वाकवतो. पाटल्या परत येणार नव्हत्या. गाडी दोन फूट सरकवणं सोपं होतं.

'पुरावा दाखवला की तिथल्या तिथं.' राज्यशास्त्राचे संशोधक ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफलर यांनी 2010 मध्ये लिहिलं, की चूक दाखवल्यावर काही जण आपलंच मत आणखी घट्ट धरतात. हे जगभर गाजलं. पुढं वूड आणि पोर्टर यांनी दहा हजारांवर लोकांत पन्नासेक विषय तपासले. तसं काही आढळेना. नायहन आणि रायफलर यांनी मग याच दोघांबरोबर बसून नवा प्रयोग केला, आणि चूक सुधारल्यावर लोक माहिती बऱ्यापैकी दुरुस्त करून घेतात हे स्वतःच्या नावानं छापलं. मला त्यांचं कौतुक आहे. पण ते छापून आलं 2019 ला. ज्यांचा धंदाच पुरावा तपासायचा, त्यांच्याही कामात मधे नऊ वर्षं गेली. अण्णांना पंगत उठेपर्यंतही सवड नव्हती.

पंगत म्हणजे पुतणीच्या लग्नातली. थोरला पाहुण्यांच्या देखत म्हणाला, "आता नारळालाच विचारा." वरण वाढणारा पोरगाही हसला. वाद घालू नये म्हणणाऱ्यानं वाद घातलाच कुठं होता?

चौथा बोअर झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा तालुक्याला जाऊन 'मागेल त्याला शेततळे'चा अर्ज भरून आले, घरात कुणाला न सांगता. पाणाड्या परत बांधावर दिसला नाही. पोळ्याला गेलो तेव्हा तळ्याच्या कडेला आम्ही दोघंच होतो. विचारलं, मग नारळाचं काय, अण्णा?

पाण्याकडं बघत म्हणाले, "गाडी दोन फूट चुकली रे."